क्लचवरचा पाय

गाडीने उडी मारली तेव्हा आर्लन विअर्समाचा डावा पाय, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे, क्लचवरच होता. बुधवार होता, पाच वाजायला आले होते आणि ऑगस्टचं ऊन बॉनेटवरून थेट डोळ्यांत येत होतं. मिशिगन अव्हेन्यूच्या सिग्नलला तो पहिला गिअर टाकून उभा होता. रस्ता सपाट, म्हणून उजवा पाय ब्रेकवरून काढलेला. समोरून निळ्या कपड्यांतली एक बाई रस्ता ओलांडत होती. बहुधा हॉस्पिटलमधली, हातात कॉफीचा कागदी पेला. आणि एकाएकी गाडी पुढे झेपावली आणि आचका देऊन बंद पडली. चार फूट असेल, पाच असेल. बंपर बाईच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. कॉफी बॉनेटवर सांडली आणि सोनेरी रंगावरच्या काळ्या पट्ट्यावरून वाफाळत खाली ओघळली. आर्लनने खाली पाहिलं. डावा पाय क्लचवर नव्हता. तो क्लचच्या बाजूला, गालिच्यावर, कुणीतरी काढून ठेवलेल्या बुटासारखा आडवा पडला होता.

बाईने छातीवर हात ठेवला होता. आता ही ओरडणार, त्याला वाटलं. तो तिच्या ओरडण्याची वाट पाहत राहिला. पण तिची नजर बंपरवरून जाळीवर आली, जाळीवरून पट्ट्यांवर, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "फोर-फोर-टू!" ती म्हणाली. "सत्तरची ना? अहो, माझ्या मामाकडे होती अशी! जीव घेतला असतात की माझा!" आणि ती हसली. त्याच्या खिडकीशी आली, दारावर दोन बोटं टेकवली, घोड्याच्या मानेला लावावीत तशी. "आता घाबरवलंच आहे तर एकदा आवाज तरी ऐकवा. दिवसभर नुसती यंत्रांची टिकटिक ऐकतेय." दिवा हिरवा झाला होता, पण मागे कुणी हॉर्न वाजवला नाही, या गाडीच्या मागे सहसा कुणी वाजवत नाही. आर्लनने दोन्ही हातांनी गुडघा धरून डावा पाय उचलला, क्लचवर नेऊन ठेवला, गिअर काढला, किल्ली फिरवली आणि तिच्यासाठी इंजिन दोनदा घुमवलं. बाईने रिकामा पेला उंच धरला आणि फुटपाथवर जाऊन उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

त्याला काहीच वाटलं नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत तो आपल्याला काय वाटतंय याचा शोध घेत राहिला, खिशात चष्मा चाचपावा तसा. छाती धडधडत नव्हती. हाताला घाम नव्हता. बाई मेली असती असं त्याने मनातल्या मनात शब्दांत म्हणून पाहिलं आणि ते वाक्य दुसऱ्या कुणाबद्दलचं असल्यासारखं पुढून निघून गेलं. फक्त आपण इंजिन घुमवलं, तिने सांगितलं आणि आपण घुमवलं, एवढी एक गोष्ट कुठेतरी अडकून राहिली होती. त्यानंतर प्रत्येक सिग्नलला तो रस्त्याकडे बघायचा सोडून पायाकडे बघत राहिला. पाय आहे. क्लचवर आहे. दाबलेला आहे. मग रस्ता. मग पुन्हा पाय. असं करताना एक सबंध चौक कधी ओलांडला ते त्याला आठवेना.

पायांचं सुरू कधी झालं हे त्याला नेमकं सांगता आलं नसतं. साखरेचा आजार बारा वर्षांचा होता. आधी तळव्यांना रात्री मुंग्या यायच्या, मग कधीतरी त्या यायच्या थांबल्या आणि बरं वाटलं. मग वाटायला लागलं की आपण मोजे काढलेच नाहीत. आंघोळ करून बाहेर आलं तरी मोजे आहेतच. जाड, लोकरीचे, हिवाळ्यातले. त्या मोज्यांतून त्याने दीड वर्ष गाडी चालवली होती. क्लच दाबल्याचं पायाला कळत नव्हतं, पण गुडघ्याला कळायचं, कमरेला कळायचं, आणि मुख्य म्हणजे इंजिनाच्या आवाजाला कळायचं. तेवढं पुरतं, असं त्याने ठरवलं होतं. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला होता. "लागलं की 'हो' म्हणायचं हं, मिस्टर विअर्समा." पहिल्यांदा त्याला काही लागलं नाही. पण त्यांच्या अंगठीचा खुर्चीच्या दांड्यावर बारीक आवाज होत होता, बाही सळसळत होती. एकतीस वर्षं त्याने कारखान्याच्या पट्ट्यावर उभं राहून दारांच्या आत काच वरखाली करणारा सांगाडा बसवला होता. दार येतं कधी आणि जातं कधी हे तो डोळे मिटून सांगू शकायचा. बाही सळसळली की तो एक क्षण थांबायचा आणि म्हणायचा, "हो." मधेच एकदा मुद्दाम गप्प बसला, खरं वाटावं म्हणून. दहापैकी आठ, बाई म्हणाल्या, तुमच्या मानाने छान आहे. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा तो त्या दिवशी घरी आला होता आणि येताना गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून त्याने मुद्दाम नदीकाठचा लांबचा रस्ता घेतला होता. उजव्या पायाच्या बोटांनाही आता मोजा चढू लागला होता. पण ते त्याने अजून स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

बंद पडलेल्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दर बुधवारी जुन्या गाड्यांच्या क्लबातले सगळे जमत. पस्तीस-चाळीस गाड्या, उघडी बॉनेटं, घडीच्या खुर्च्या, आइसक्रीमच्या खिडकीपुढे रांग. कुणी शाळेत सुतारकाम शिकवलेला, कुणी टपाल वाटलेला, बरेचसे कारखान्यातले. कारखाना आता नव्हता. गाडीचं नावही कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. तरी इथे येऊन लोक कुठल्या वर्षी कार्ब्युरेटरवर कुठली चकती आली यावरून भांडत आणि ते भांडण खरं असे. आर्लन आपल्या जागी गाडी लावून उतरेपर्यंत वेंडेल, टपालखात्यातला, वाटेत त्याला मागे टाकून आधीच येऊन पोचला होता आणि दोन्ही हात पसरून उभा होता. "ऐका रे, ऐका! आपल्या आर्लनने आज एका नर्सला भर रस्त्यात नाचवली! मी दोन गाड्या मागे होतो. अशी उडी मारली गाडीने, आणि ही बया हवेत! साठी उलटली तरी खाज काही जात नाही!"

"नंबर दिला का मग तिने?" कुणीतरी विचारलं.

"नंबर कसला, कॉफी दिली. ही बघा बॉनेटवर."

सगळे हसले. कुणी पाठीवर थाप मारली. आर्लनही हसला, तोंड आपसूक हसलं. हे असंच झालं होतं असं धरून चालायला काय हरकत आहे, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. ज्यांनी पाहिलं, त्यांनी तेच पाहिलं. मग एका कडेच्या खुर्चीवरून आवाज आला, "गाडी बंद पडली का?"

तो मिलार्ड ब्रूकेमा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मान थोडी तिरकी धरून बसलेला, कारण समोर बघितलं की त्याला मधोमध एक राखाडी डाग दिसे आणि कडेकडेचंच काय ते जग उरलं होतं.

"काय?" आर्लन म्हणाला.

"उडी मारल्यावर. बंद पडली का?"

"पडली थोडी."

"थोडी कशी रे बंद पडते गाडी?" मिलार्ड म्हणाला. बाकीचे पुन्हा हसले, म्हातारा चेष्टा करतोय असं समजून. मिलार्ड हसला नाही. ज्याला नाचवायची असते त्याची गाडी बंद पडत नाही, हे इथे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. हसण्याच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं एवढंच. तीन वर्षांत तो आर्लनशी एवढंसुद्धा बोलला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मिलार्डने शेजाऱ्याची टपालपेटी उडवली होती आणि महिन्याभराने एका झाडाला आरसा घासला होता. मुलीने क्लबातल्यांना गळ घातली, आणि क्लबातल्यांनी आर्लनला. तूच सांग, तुझं ऐकेल. आर्लन गेला. स्वयंपाकघरात बसला, कॉफी घेतली, आणि त्याला आठवत होतं की बोलताना आपला आवाज आपल्यालाच आवडला होता; समजूतदार, खालच्या पट्टीतला, चर्चमध्ये एखाद्याच्या शवपेटीपाशी निघतो तसला. मिलार्डने किल्ली टेबलावर ठेवली. ती आर्लनने उचलून मुलीच्या हातात दिली. गाडी पुढे इंडियानातल्या कुणा माणसाकडे गेली. मिलार्ड मात्र दर बुधवारी येतच राहिला. मुलगी त्याला आणून सोडायची, तो कडेला खुर्ची मांडायचा आणि येणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचा. आर्लनची गाडी आली की तो तेवढा वेळ पाणी पीत असे.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. आर्लनने गवत कापलं, बायको नोरीनबरोबर तिच्या बहिणीकडे जाऊन पत्त्यांचे चार डाव खेळले, जाता-येता दोन्ही वेळा रोजच्या वापरातली ब्यूक तिलाच चालवायला लावली, मान दुखतेय म्हणून. मान खरंच दुखल्यासारखी वाटायला लागली. संध्याकाळी जेवण झाल्यावर तो कोचावर पाय लांब करून बसे आणि नोरीन खाली स्टुलावर बसून हातातल्या छोट्या आरशाने त्याचे तळवे बघत असे. बोटांच्या मधे, टाचेला, कडेला. डॉक्टरांनीच लावून दिलेली शिस्त होती ती. टीव्हीवर बेसबॉल चालू असे. तिचं डोकं, पांढऱ्या केसांतला वाकडा भांग, त्याला वरून दिसे, आणि तिचे हात त्याच्या पायांवर फिरताना दिसत, पण ते लागत नसत. दुसऱ्याच कुणाचे पाय ती धरून बसलीय आणि आपण ते लांबून बघतोय असं वाटे. शुक्रवारी तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. "काय गं?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "कातडी कोरडी पडलीय." आणि मलम चोळू लागली. सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. शब्द तयारही होते, पण ते तोंडाशी आणावेत एवढी निकड कुठे सापडेना. निळ्या कपड्यांतली बाई आठवली की ती हसतानाच आठवायची. ती खाली पडलेली, कॉफीच्या जागी दुसरं काही सांडलेलं, असं चित्र तो डोळ्यांपुढे आणायचा आणि ते चित्र येऊन नुसतं उभं राहायचं. आपण आतूनही मोजे घातलेत की काय, असं त्याला वाटलं. आणि हे वाटणंही फार खोल गेलं नाही.

शनिवारी सकाळी नोरीन चर्चच्या भांडीविक्रीच्या तयारीला गेली आणि आर्लनने गाडी बाहेर काढली. मिलार्डकडे जायचंय हे त्याने ठरवलं नव्हतं. निदान घरातून निघताना तरी नव्हतं. मागच्या गल्ल्यांनी, ताशी वीस मैलांनी, दर थांब्याला खाली बघत तो नदी ओलांडून गेला. वाटेत कारखान्याची जागा लागली. सपाट सिमेंट, मैलभर, भेगांतून गवत. एकोणीस वर्षांचा असताना तो इथे कामाला लागला होता आणि ही गाडी त्याच सुमारास इथूनच बाहेर पडली होती. तिच्या दारातला सांगाडा आपणच बसवला असेल असं नोरीनला लग्नाआधी सांगून त्याने भाव खाल्ला होता. खरं तर त्या वर्षी तो दुसऱ्याच पाळीत, दुसऱ्याच गाड्यांवर होता. गाडी त्याने पुढे आठ वर्षांनी टेक्सासला निघालेल्या एका सोबत्याकडून घेतली. एका शाळेपाशी थांबताना त्याला कळलं की आता उजवा पायही तो डोळ्यांनीच बघतोय. शनिवार होता, शाळा रिकामी होती. तिथून मिलार्डच्या घरापर्यंतचे सहा चौक त्याने पहिल्या गिअरमध्ये काढले.

मिलार्ड व्हरांड्यात बसला होता. "सबंध रस्ता रडवत आणलीस तिला," तो म्हणाला. "पुलापासून ऐकतोय. दुसऱ्याच्या वर गेलाच नाहीस."

आर्लन पायरीवर बसला. कठड्याला धरून, कारण पायरी कुठे संपते ते बघावं लागे.

"पाय गेला तुझा," मिलार्ड म्हणाला.

"गेला नाही. आहे. लागत नाही."

"कधीपासून?"

"दीड वर्ष. जास्तच."

"म्हणजे माझी किल्ली नेलीस त्याला दीड वर्ष होतंय न होतंय तोवर." मिलार्डने मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने त्याला नीट बघता यावं म्हणून. "नोरीनला माहितेय?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"त्यांना खोटं सांगितलं."

"शाबास." रस्त्यावरून कुणी कुत्रं घेऊन गेलं. मिलार्डने त्याला हात केला, माणूस निघून गेल्यावर. "त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तू काय म्हणाला होतास, आठवतंय?"

"नाही आठवत."

"आठवतंय तुला. बोल."

आर्लनला आठवत होतं. "'मिलार्ड, गाडी गेली तरी तिच्या आठवणी कुणी नेत नाही.'"

"नेत नाही," मिलार्ड म्हणाला. "तू गेल्यावर मी तीन तास गॅरेजमध्ये स्टिअरिंग धरून बसलो होतो. आठवण म्हणून एक आली नाही मला. नुसतं बसायला झालं. आणि तू काय केलंस रे नंतर? इथून गेल्यावर? मला फार दिवस विचारायचं होतं."

आर्लनने विचार केला. आणि त्याच्या लक्षात आलं की हेही त्याला स्वच्छ आठवतंय. कोपऱ्यावरच्या दुकानातलं टेबल, खिडकीतलं ऊन, एक अवघड काम नीट पार पाडल्यावर लागते तसली कडकडून भूक. "ऑलिव्ह घातलेला बर्गर खाल्ला," तो म्हणाला.

मिलार्ड बघतच राहिला, आणि मग हसू लागला. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग ठसका लागला. "बर्गर!" तो म्हणाला. "वर बटाटे?"

"बटाटेही."

"मेल्या." त्याने डोळे पुसले. गाडी उन्हात उभी होती आणि थंड होताना तिच्यातून टिकटिक असा बारीक आवाज येत होता. "आता मी काय करावं म्हणतोस?" मिलार्ड शेवटी म्हणाला. "तुझी किल्ली मागू? नाही मागणार. मागितली की तू देणार, आणि मग आयुष्यभर सांगत बसणार, मिलार्डने माझी किल्ली घेतली. एवढं सुख मी तुला देणार नाही, लेका. तुझी तू खाली ठेव."

किल्ली आर्लनच्या हातातच होती. ती त्याला लागत होती. हातांचं अजून ठीक होतं. तो सिग्नलवरच्या बाईबद्दल बोलू लागला. सलग नाही, तुटक. बंपर कुठे थांबला, कॉफी कुठे सांडली. तिने आवाज ऐकव म्हटल्यावर आपण ऐकवला हेही सांगितलं. सांगून झाल्यावर आर्लनने फोन काढला. "नोरीन, मी मिलार्डकडे आहे. मला न्यायला ये. गाडी मी आता चालवणार नाही." पलीकडे कपबशा वाजत होत्या. त्या वाजायच्या थांबल्या. "ती का ब्यूक?" नोरीनने विचारलं. "कुठलीच," तो म्हणाला. ती म्हणाली, "आले."

ती आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत भांडी गुंडाळायच्या वर्तमानपत्रांची शाई लागलेली होती. ती पायरीवर त्याच्याशेजारी बसली आणि त्याने तिला सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी डॉक्टरांच्या धाग्यासकट, उजव्या पायासकट. ती ऐकत होती आणि अंगठ्याने कोपरावरची शाई पुसत होती. ती पसरत होती नुसती. "मे महिन्यात," ती म्हणाली, "तुझ्या टाचेतून मी काचेचा तुकडा काढला. नखाएवढा होता. रक्त आलं. चिमट्याने ओढून काढला, आर्लन, आणि तू सामना बघत होतास. मधे एकदा ओरडलास. मला वाटलं दुखलं. तर कुणीतरी चेंडू सोडला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. म्हटलं, ही गोष्ट त्याने सांगायची आहे. त्या बाईला काही झालं असतं, तर तुझ्याएवढंच ते माझंही होतं. दर बुधवारी मी दारात उभी राहून तुला हात करत होते." ती रडली नाही. तिचा चेहरा पिवळट दिसत होता. तिला जवळ घ्यायला हवं हे आर्लनला कळत होतं, हात कुठून कुठे न्यायचा हेही कळत होतं, पण तो तसाच बसून राहिला. सोमवारी डॉक्टरांकडे दोघांनी जायचं असं तिने सांगितलं. तो हो म्हणाला.

"आता ही न्यायची कुणी?" मिलार्डने विचारलं. "माझी मुलगी ब्यूक आणून देईल तुमची. पण ही? मी नेतो म्हटलं तर तुम्ही पळून जाल."

"वेंडेलला फोन करतो," आर्लन म्हणाला.

"काही नको," नोरीन म्हणाली. "मी नेते."

"अगं, क्लच फार नाजूक आहे तिचा—"

"एक्याऐंशी सालीही हेच म्हणाला होतास. शब्द न् शब्द. तेव्हापासून मी विचारलं नाही." तिने हात पुढे केला. आर्लनने तिच्या तळहातावर किल्ली ठेवली. मिलार्ड उठून कठड्याशी आला, असलं काही ऐकायचं तर उभं राहूनच, असा.

अडतीस वर्षांत आर्लन या गाडीत उजवीकडे, चालवणाऱ्याच्या शेजारी, कधी बसला नव्हता. दार वेगळ्या आवाजात लागलं. नोरीनने सीट पुढे ओढली, चप्पल काढून मागे टाकली आणि अनवाणी पाय क्लचवर ठेवला. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. व्हरांड्यातून मिलार्ड ओरडला, "थोडीच बंद पडली का गं?" तिसऱ्यांदा आर्लन म्हणाला, "गिअरचं तू सोड. ते मी बघतो. तू फक्त पाय बघ." गिअरचा दांडा त्याच्या डाव्या हाताशीच येत होता. तिने क्लच दाबला, त्याने पहिला टाकला. "आता हळूहळू सोड. आवाज ऐक. आवाज जड होईल, तिथे थांब. थांब. आता सोड." गाडी गचके खात, खोकत, पण निघाली. "आता दाब," तो म्हणाला आणि दुसरा टाकला. नदीकाठच्या रस्त्याला तिसरा पडला. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ओठ आवळून, समोर बघत होती, आणि तो रस्त्याकडे न बघता आवाजाकडे कान देऊन होता. दाब म्हणत होता, सोड म्हणत होता. मधे एका थांब्याला शेजारी उभ्या असलेल्या ट्रकमधल्या माणसाने खिडकी खाली करून विचारलं, "काय गाडी आहे! विकायचीय का?" नोरीन समोरची नजर न हलवता म्हणाली, "आत्ता बोलू नका माझ्याशी."

घराशी येऊन तिने गाडी गॅरेजपुढे उभी केली, थोडी तिरकी, आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं तरी दोघं हलली नाहीत. तिच्या मानेला घाम आला होता. "केवढा जड आहे रे हा," ती म्हणाली. "इतका जड असतो? तुझ्याकडे बघून कधी वाटलं नाही." आर्लनला आठवून बघावं लागलं. जड होता. सुरुवातीला खूपच जड होता. पहिल्या उन्हाळ्यात तो घरी येऊन मांडी चोळत बसायचा. मग सवय झाली, आणि मग पायच गेला. "हे बघ," नोरीन म्हणाली, "थांबतच नाहीये. अजून हलतोय. हात लाव ना." तिने त्याचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, ठेवला. पातळ उन्हाळी कापडाखाली तिचा स्नायू थरथरत होता, बारीक, भरभर. तिला थांबवता येत नव्हता तो. आर्लनने हात काढला नाही. त्याच्या तळहातात ते सगळं येत होतं, आणि तिथून वर मनगटात, कोपरात. आणि निळ्या कपड्यांतल्या बाईचा गुडघा, बंपरपासून वीतभर अंतरावरचा, आता पहिल्यांदाच त्याला तसाच, जिवंत, दिसला. त्याचे दात एकमेकांवर वाजू लागले. "आर्लन?" नोरीन म्हणाली. "आर्लन, काय होतंय?" तिच्या पायावरचा हात त्याने घट्ट धरून ठेवला होता, आणि आता त्या दोघांतलं कोण थरथरतंय हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.